कोणत्या सालची गोष्ट?

बऱ्हाणपूरच्या मराठी घरात वाढलेल्या पोराला इतिहास पाठ करावा लागत नाही, तो रात्रीच्या जेवणानंतर आपोआप कानावर पडतो. आमचे आबा ओसरीवर सुपारी कातरत सुरू करायचे. 1601 साली अकबराच्या हाती असीरगड कसा आला, 1631 साली मुमताज इथंच बाळंतपणात कशी गेली, कुंडी भंडाऱ्याचं पाणी जमिनीखालून गावात कसं आणलं. राजे, बेगमा, हत्ती, सगळे असायचे. डोंगरातली माणसं तेवढी नसायची. आलीच तर चारोळी-डिंक घेऊन बाजाराला यायची आणि मीठ-कापड घेऊन दिवस मावळायच्या आत निघून जायची.

त्यांच्या गोष्टी आजीकडे होत्या. ती रावेरकडची. तिचे वडील जंगलात लाकूडतोडीच्या कूपावर ठेकेदाराचे मुनीम होते. नेपानगरचा कागद कारखाना 1956 साली नेहरूंच्या हस्ते देशाला अर्पण झाला, ही आबांची गोष्ट. त्या कारखान्याला लागणारी सलई आणि बांबू कोण तोडत होतं, ही आजीची. डोंगरातल्या कोरकू आदिवासींबद्दल ती म्हणायची, "कोरकू तोच, कुऱ्हाड तीच. ठेकेदारासाठी तोडलं तर मजुरी, जवारीपुरती जागा मोकळी केली तर दंड." आबांना हे फारसं रुचत नसे. बायकांच्या गोष्टी म्हणून ते अडकित्ता उचलायचे.

आजीच्या गोष्टींना पुढे कायद्यानं मान दिला. 2006 साली संसदेनं वनाधिकार कायदा मंजूर केला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला तिचा हक्क मागता येतो, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. दाव्याला एकाहून अधिक पुरावे जोडायचे. त्या पुराव्यांच्या यादीत सरकारी कागद आहेत, बांध आणि विहिरी आहेत, स्मशानं आणि देवस्थानं आहेत, आणि दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही आहे. म्हाताऱ्याची आठवण कचेरीत पुरावा म्हणून चालते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं.

धूळकोटकडच्या बारेला आदिवासींच्या एका फाल्यात, म्हणजे वस्तीत, हे जबाब लिहायला हात कमी पडत होते, म्हणून मला बोलावलं. आदिवासींच्या एका संघटनेची मुलगी बडवानीहून आली होती, बारेली बोलणारी. खाटेवर पटेलबाबा, भोवती बाकीचे. ही जमीन कधीपासून कसता, असं विचारलं. "बापानं काढली." कोणत्या साली? सगळे गप्प. मग मुलीनं प्रश्न फिरवला: तेव्हा नेपाचा भोंगा वाजत होता का? "नव्हता वाजत. कारखाना बांधत होते, बाप मातीकामाला गेलता." आणि हे शेत? "ते बहात्तरच्या दुष्काळानंतर." मागून एक म्हातारी ओरडली, दुष्काळानंतर नाही, दुष्काळातच, माझा थोरला पोटात होता, मी दगड उचललेत. पटेलबाबांनी मान डोलावली. खोडलं, पुन्हा लिहिलं, अंगठा घेतला.

घराच्या आढ्याला प्लास्टिकची पिशवी टांगलेली होती. तिच्यात दंडाच्या पावत्या. अतिक्रमण केलं म्हणून ज्या कागदावर पैसे भरले, तोच कागद आता जमीन कसत असल्याचा पुरावा! पण सगळ्यांकडे पावत्या नव्हत्या. पटेलबाबांनी विचारलं, "जंगलच्या नाकेदारानं कोंबडं नेलं, त्याची पावती कोण देणार?"

हे काम एका गावाच्या किंवा एका संघटनेच्या आवाक्यातलं नव्हतंच. बडवानीपासून बऱ्हाणपूरपर्यंत जागृत आदिवासी दलित संघटन, सेंधव्याकडे आदिवासी मुक्ती संघटन, अलिराजपुरात खेडूत मजदूर चेतना संगठ. डोंगर उतरला की शहादा, तिथं आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंतींची आठवण आणि 1972 सालची श्रमिक संघटना. राज्याची हद्द ओलांडली की बारेला पावरा होतो. सोयरीक तीच राहते. मे 2002 मध्ये केंद्रानं जंगलातली अतिक्रमणं हटवण्याचा आदेश काढला आणि देशभरच्या अशा संघटना एका मंचावर आल्या. त्या रेट्याशिवाय हा कायदा झाला नसता, असं माझं मत आहे.

कायदा झाला म्हणून भागलं नाही. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला हटवायचं नाही, असं त्यातच लिहिलंय. तरी 9 जुलै 2019 रोजी नेपानगरजवळच्या सिवलमध्ये शेतं मोडायला पथक आलं, छऱ्याच्या बंदुका चालल्या आणि चार आदिवासी जखमी झाले. पुढे 2022-23 मध्ये घाघरल्याच्या जंगलात बेसुमार तोड सुरू झाली, तेव्हा ती थांबवा म्हणून जागृत आदिवासी दलित संघटनचे लोक जिल्हा कचेरीसमोर बसले. जुलै 2023 मध्ये संघटनच्या नेत्या माधुरीबेन जिल्हाबदर झाल्या, जानेवारी 2024 मध्ये कार्यकर्ते अंतराम अवासे. तोड थांबवा म्हणणारेच जिल्ह्याबाहेर! अवासेंवरचा आदेश उच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये रद्द केला आणि सरकारला पन्नास हजारांचा भुर्दंड बसवला.

देडतलाईकडच्या कोरकू गावात वेगळीच अडचण आली. कोरकूंचं नातं मेळघाटाशी. तिथं 'खोज' ही संस्था गावांसोबत काम करते आणि पायविहीर गावानं सामूहिक वनहक्क मिळवून जंगल पुन्हा उभं केलंय, हे इथल्यांनी पाहुण्यांकडून ऐकलेलं. म्हणून इथंही एकेकट्या शेतापेक्षा गावाच्या जंगलाचा दावा करू, असं ग्रामसभेत ठरलं. पुरावा काय? एक म्हातारे आम्हाला झाडीत घेऊन गेले. तिथं मुंडा उभे होते, मेलेल्या माणसांच्या नावानं पुरलेले सागवानी खांब. वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार कोरलेला. दोन खांबांची बुडं वाळवीनं खाल्लेली. कोणता मुंडा कुणाचा, हे म्हातारे बोट ठेवून सांगत होते: हा आज्याचा, हा चुलत्याचा, हा पटकीच्या साथीत गेलेल्या भावाचा.

पंचनाम्यात सगळं उतरवलं: खांबांची उंची, घेर, नावं, पंचांचे अंगठे. छापील फॉर्मात एवढं मावेना, म्हणून वेगळा कागद टाचला. तो कागद कचेरीतून अजून परत आलेला नाही, म्हणजे तूर्त तरी नाकारलेला नाही. गावानं सावधगिरी म्हणून त्याच्या तीन झेरॉक्स काढून ठेवल्यात, एक मेळघाटातल्या पाहुण्यांकडे.