ट्रायमिथिल अमाइन

ट्रायमिथिल अमाइन हे नायट्रोजनयुक्त कार्बनी संयुग असून ते दुर्बल आम्लारी आहे. समुद्री मासळी शिळी होऊ लागल्यावर येणारा उग्र वास मुख्यतः याच संयुगाचा असतो. रत्नागिरीतील मिरकरवाडा बंदरासारख्या ठिकाणी उतरणाऱ्या मासळीचा ताजेपणा आणि कोकणी स्वयंपाकातील आंबट पदार्थांचा वापर, या दोन्हींमागील रसायनशास्त्र या संयुगाच्या आधारे समजते.

गुणधर्म

अमोनियाच्या रेणूतील तिन्ही हायड्रोजन अणूंची जागा मिथिल गटांनी घेतली की ट्रायमिथिल अमाइन मिळते. ते रंगहीन व ज्वलनशील असून त्याचा उत्कलनांक सुमारे ३° से. आहे, म्हणून सामान्य तापमानाला ते वायुरूप असते. ते पाण्यात सहज विरघळते. त्याचे काही रेणू पाण्याकडून हायड्रोजन आयन स्वीकारतात व हायड्रॉक्साइड आयन मुक्त होतात. त्यामुळे या द्रावणात तांबडा लिटमस कागद निळा होतो.

मासळीतील निर्मिती

समुद्री माशांच्या स्नायूंत ट्रायमिथिल अमाइन ऑक्साइड हा गंधहीन पदार्थ असतो. खाऱ्या पाण्यात शरीरातील परासरण दाबाचा समतोल राखण्यास तो मदत करतो. मासा मेल्यावर जीवाणू या पदार्थाचे क्षपण करून त्यापासून ट्रायमिथिल अमाइन तयार करतात. गोड्या पाण्यातील माशांत हा पदार्थ सहसा अल्प असतो. मुशी व पाकट यांच्या शरीरात युरियाही भरपूर असल्याने त्यांना अमोनियाचा वासही येतो.

आम्लाशी अभिक्रिया

लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक, तर कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते. या आम्लांशी उदासिनीकरण होऊन पुढील आयन बनतो :

ट्रायमिथिल अमाइन + हायड्रोजन आयन → ट्रायमिथिल अमोनियम आयन

हा आयन बाष्परूपाने हवेत जात नाही, म्हणून वास कमी होतो. सामू ९.८ च्या आसपास असताना निम्मे रेणू मुक्त व निम्मे आयनरूपात असतात. त्याखाली सामू एकाने उतरला की मुक्त रेणूंचे प्रमाण सुमारे दहापट घटते. खाण्याचा सोडा घातल्यास याउलट घडते व वास वाढतो.

ताजेपणाची मोजणी

प्रयोगशाळेत मासळीतील बाष्पनशील आम्लारी ऊर्ध्वपातनाने वेगळे करून बोरिक आम्लाच्या द्रावणात शोषून घेतात. नंतर ज्ञात तीव्रतेच्या आम्लाने त्यांचे अनुमापन करतात. मिळालेले मूल्य १०० ग्रॅम मासळीमागे नायट्रोजनाच्या मिलिग्रॅममध्ये सांगितले जाते. मासळी जितकी शिळी, तितके हे मूल्य साधारणपणे अधिक असते.

अन्नसुरक्षा

आंबट पदार्थाने वास दबला तरी मासळी पुन्हा ताजी होत नाही. बांगडा, कुपा यांसारख्या माशांत हिस्टिडीन या अमिनो आम्लाचे प्रमाण जास्त असते. मासे उबदार राहिल्यास जीवाणू त्यापासून हिस्टामीन तयार करतात. अशी मासळी खाल्ल्याने चेहरा लाल होणे, अंगावर पुरळ, डोकेदुखी, उलट्या अशी लक्षणे दिसू शकतात. हिस्टामीन शिजवल्याने, तळल्याने किंवा खारवल्याने नष्ट होत नाही आणि त्याची उपस्थिती वासावरून ओळखता येत नाही. त्यामुळे मासे पकडल्यापासून बंदर, बाजार व स्वयंपाकघरापर्यंत त्यांना सतत पुरेशा बर्फात ठेवणे हाच मुख्य प्रतिबंधक उपाय होय. थंडाव्यात जीवाणूंची वाढ मंदावते आणि ट्रायमिथिल अमाइन व हिस्टामीन या दोन्हींची निर्मिती लांबते.