चरित्राविना वारसा : मद्रासच्या हरिकथेतील मराठी कीर्तनपरंपरा

चेन्नईतील मयिलापूर किंवा तिरुवल्लिक्केणी भागातल्या एखाद्या सभेत तमिळ हरिकथा चालू असताना कथाकार गद्य निवेदन थांबवतो, चिपळ्या सावरतो आणि एका ठरीव चालीत पद्य म्हणू लागतो. शब्द तमिळ असतात, विषय रामायणातला किंवा एखाद्या नायन्माराच्या चरित्रातला असतो आणि चाल मात्र दिंडीची असते. थोड्या वेळाने साकी येते, मग ओवी, अभंग, आर्या, खड्ग. श्रोत्यांच्या दृष्टीने ही हरिकथेतील चालींची रूढ नावे आहेत. त्यांपैकी बहुतेकांना ती नावे मराठी छंदांची आहेत हे ठाऊक नसते आणि ते ठाऊक नसल्यामुळे रसास्वादात काही उणेही पडत नाही. ही नावे तमिळनाडूत कोणी आणली, मद्रासला ती कशी स्थिरावली आणि ती आणणाऱ्यांची नावे मात्र का पुसट झाली, हा प्रश्न संगीताच्या इतिहासाइतकाच तौलनिक साहित्याभ्यासाचाही आहे.

मराठी वाङ्मयेतिहासात तंजावूरचे प्रकरण साधारणतः ठरलेल्या वाटेने जाते. व्यंकोजींनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापन केलेले राज्य, शाहराजांची बहुभाषिक नाटके, दुसऱ्या सरफोजींचा (कारकीर्द १७९८–१८३२) ग्रंथसंग्रह आणि त्यांनी नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे, आणि मग १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनानंतर औरस पुत्र नसल्याचे कारण दाखवून कंपनी सरकारने केलेले खालसाकरण. तेथे प्रकरण संपते. राजाश्रय गेला म्हणून कला गेली असे गृहीतक या मांडणीच्या मुळाशी आहे. हरिकथेच्या बाबतीत ते टिकत नाही, कारण मराठी कीर्तनाचा तमिळ प्रयोगकलेवरील सर्वांत खोल परिणाम राज्य बुडाल्यानंतरचा आहे.

अर्थात पूर्वपीठिका जुनी होती. रामदासी मठांच्या द्वारे कीर्तन तंजावूर प्रांतात आधीच पोचले होते. अरणीच्या मराठा जहागिरीत आनंदतनयासारखा आख्यानकवी होऊन गेला होता. मन्नारगुडीच्या रामदासी परंपरेतील मेरुस्वामी तर त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांच्या (१८१३–१८४६) दरबारापर्यंत गेले आणि तेथे त्यांच्या कीर्तनाने मोठा मान मिळवला. पण ही कीर्तने मराठीतच होत आणि त्यांचा श्रोता प्रामुख्याने दरबार व मराठी जाणणारा वर्ग हाच असे. निर्णायक बदल १८६०च्या दशकात झाला. रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावुरास आले, राहिले, आणि त्यांच्या कीर्तनांनी मराठी न समजणाऱ्या तमिळ श्रोत्यांनाही ओढून घेतले. त्यांच्यामागून विष्णुबुवा मोरगावकर आले. या दोघांविषयी मराठीत आज जवळजवळ काहीच वाचायला मिळत नाही. त्यांची पदे त्यांच्या नावाने रूढ नाहीत, संग्रह नाही. आहे तो केवळ दुसऱ्या भाषेतील कलावंतांनी त्यांच्यापासून काय घेतले याचा पुरावा.

तो पुरावा म्हणजे तंजावूर कृष्ण भागवतर (निधन १९०३). तमिळ हरिकथेचे जनक हे बिरुद त्यांना एकमुखाने दिले जाते. त्यांच्याआधी कथाकालक्षेप नव्हता असे नाही. पुराणप्रवचनांची आणि कथागायनाची तमिळ परंपरा भक्कम होती. प्रवचनकार मात्र बसून अर्थ सांगे आणि मध्येमध्ये श्लोक वा पद म्हणे. मोरगावकरांच्या कीर्तनात कृष्ण भागवतरांना दिसली ती रचना : आरंभीची पंचपदी, प्रतिपाद्य विषय मांडणारा पूर्वरंग, एकाच आख्यानाला वाहिलेला उत्तररंग, उभ्याने आणि अभिनयासह केलेले निवेदन, मागे साथीदार गायक, मृदंग आणि झांजा. मुख्य म्हणजे त्यांना दिसली ती छंदांची योजना. कथेचा वेग, भाव आणि पात्र बदलले की छंद बदलायचा, हे तत्त्व त्यांनी उचलले आणि त्याला कर्नाटक संगीताच्या रागांचा व कृतींचा आधार दिला. त्यांच्या साथीला मृदंगावर नारायणस्वामी आप्पा असत. ते तंजावूरचे मराठी गृहस्थ, मृदंगाच्या तंजावूर बाजाचे एक आद्य पुरुष. म्हणजे मराठी वारसा या मंचावर दोन वाटांनी आला होता, एक कीर्तनकाराच्या तोंडून आणि दुसरा मृदंगावरच्या हातातून.

छंदांच्या या स्थलांतराकडे थोडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. दिंडीच्या चरणात नऊ व दहा अशा एकोणीस मात्रा, साकीत सोळा व बारा अशा अठ्ठावीस. ही जातिवृत्ते असल्यामुळे लघुगुरूंचा क्रम ठरलेला नसतो, मात्रांची बेरीज आणि यती सांभाळली की काम भागते. अक्षरगणवृत्ते तमिळ शब्दांना जाचक ठरली असती. मात्रावृत्ते तशी ठरली नाहीत. पण अडचण दुसरीकडे होती. मराठी कवीचे कान चरणान्तीच्या यमकाकडे लागलेले असतात, तर तमिळ पद्याचा मुख्य अलंकार ‘एदुगै’ हा चरणाच्या आरंभी, दुसऱ्या अक्षराच्या जुळणीत असतो. तमिळ साकी किंवा दिंडी रचणाऱ्याला मराठी चाल घेऊन तमिळ कानाला तृप्त करायचे होते. त्याने आदिप्रास आणला आणि जमेल तेथे अंत्ययमकही ठेवले. या पद्यांत दोन काव्यव्यवस्थांची प्रासाची टोके एकाच ओळीत बांधलेली दिसतात. ‘मराठीचा प्रभाव’ हे शब्द अशा ठिकाणी अपुरे पडतात, कारण ज्याच्यावर प्रभाव पडला म्हणावे त्याने येथे निम्मे काम केले आहे. मराठी अभिमानाला हे किंचित अप्रिय वाटेल. परंतु दिंडी तमिळमध्ये जगली ती तिने मराठी कानाचा आग्रह सोडला म्हणून.

आशयाच्या पातळीवरही असेच घडले. महिपतींच्या ‘भक्तविजय’ (१७६२) व ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांतील नामदेव, गोरा कुंभार, सखू, तुकाराम, चोखामेळा यांच्या कथा हरिकथेच्या मंचावर तमिळ भाषेत नांदू लागल्या. त्यांच्या शेजारी उभा राहिला नंदनार. गोपालकृष्ण भारतींचे (निधन १८९६) ‘नंदनार चरित्रम्’ १८६०च्या दशकाच्या आरंभी छापले गेले, म्हणजे मोरगावकरांच्या आगमनापूर्वी किंवा त्याच सुमारास. ते मराठी कीर्तनाचे अपत्य मानणे चुकीचे ठरेल. भारती स्वतः तिरुविडैमरुदूर येथील मराठा राजपुत्राच्या आश्रयाखालील रामदास नावाच्या गायकाकडे हिंदुस्थानी संगीत शिकले होते, एवढाच दुवा तेथे सापडतो. बाराव्या शतकातील ‘पेरिय पुराणम्’मध्ये नंदनारची कथा थोड्या पद्यांत संपते. भारतींनी तिच्यात ब्राह्मण जमीनदाराचे पात्र घातले आणि चिदंबरमला जाऊ पाहणाऱ्या शेतमजुराची घालमेल प्रसंगाप्रसंगाने वाढवली. कृष्ण भागवतरांनी या चरित्राला उत्तररंगाची चौकट दिली. नंदनार आणि चोखामेळा, दोघेही देवळाच्या उंबऱ्याबाहेरचे भक्त, एकाच कथाकाराच्या एकाच आठवड्यातील कथांत येऊ शकले ते या चौकटीमुळे. देवळाच्या दाराबाहेरची ही दोन माणसे सभेत ऐकवली जात असताना त्या सभेचे दार कोणाला खुले होते, हा प्रश्न मात्र हरिकथेच्या गौरवपर लेखनात क्वचितच विचारला जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कलेचे केंद्र कावेरीकाठावरून मद्रासकडे सरकले. तंजावूरचे मराठी घराणेदार लोक नोकरी-वकिलीच्या निमित्ताने आधीच राजधानीत आले होते. सर टी. माधवराव (१८२८–१८९१) व दिवाणबहादूर रघुनाथराव (१८३१–१९१२) ही त्यांतील ठळक नावे. पण हरिकथेला आश्रय दिला तो त्यांच्यासारख्या मोजक्यांनी नव्हे, तर तिकीट लावून किंवा वर्गणी गोळा करून कार्यक्रम करणाऱ्या सभांनी. या सभांच्या आरंभीच्या काळात कच्चेरीपेक्षा हरिकथेला गर्दी अधिक होई. तंजावूरचेच मराठीभाषक गोविंदस्वामी राव आपली नाटकमंडळी घेऊन याच सुमारास मद्रासला प्रयोग करीत होते. महाराष्ट्रात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने (१८८०) कीर्तनातल्या साकी-दिंडीला रंगभूमीवर आणले आणि पुढे रागदारी पदांनी त्यांना मागे सारले. तमिळ देशात त्या कीर्तनाच्याच अंगणात टिकल्या. तंजावूरच्या कीर्तनकाराची साकी ऐकायची असेल तर आज पुण्यापेक्षा चेन्नई जवळची ठरते.

सभांच्या या व्यवस्थेत सी. सरस्वतीबाई उभ्या राहिल्या. १८९०च्या दशकात जन्मलेल्या या ब्राह्मण मुलीने लहान वयातच मद्रासमध्ये हरिकथेचे शिक्षण घेतले आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत ती सभांतून कथा करू लागली. स्त्रीने उभे राहून, चिपळ्या घेऊन, अभिनयासह पुराण सांगणे प्रस्थापित भागवतरांना मान्य नव्हते. ज्या सभा तिला बोलावतील त्यांच्याकडे आपण कथा करणार नाही, असा पवित्रा त्यांच्यापैकी काहींनी घेतला. काही आयोजकांनी तो मानला, काहींनी झुगारला. सरस्वतीबाईंनी वाद घातल्याचे सांगितले जात नाही, त्यांनी कथा चालू ठेवल्या. तमिळखेरीज संस्कृत, तेलुगू, कन्नड, मराठी अशा भाषांतील पदे त्यांना मुखोद्गत होती, आणि मराठी छंदांवरील प्रभुत्व हा त्यांच्या कथेचा भाग होता. तंजावूरला ज्या छंदांची भाषा पुरुष कीर्तनकारांनी आणली, तीच मद्रासला एका स्त्रीच्या हाती तिच्या अधिकाराचे प्रमाण ठरली. १९७४ साली त्यांचे निधन झाले. तोवर बन्नीबाई (१९१२–१९९९) आणि इतर स्त्रियांना या मंचावर येण्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती.

कलावंताच्या मृत्यूनंतर काय उरते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र हरिकेसनल्लूर मुत्तैया भागवतर (१८७७–१९४५) हे आहे. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी हरिकथाकार म्हणून गाजवला. १९३० साली मद्रासच्या म्युझिक अकादमीच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते, १९३७ साली तो मान मांगुडी चिदंबर भागवतर या दुसऱ्या हरिकथाकाराला मिळाला. त्यानंतर त्या पीठावर प्रामुख्याने गायक आणि वादक दिसतात. आज मुत्तैया भागवतरांचे नाव कच्चेरीत नित्य ऐकू येते, पण ते वाग्गेयकार म्हणून. त्यांच्या कृतींत ‘हरिकेश’ ही मुद्रा आहे, स्वरलिपी आहे, शिष्यपरंपरेने पाठ आहे. त्यांच्या हरिकथांचे रात्रभराचे निवेदन, प्रसंगानुरूप निवडलेल्या दिंड्या आणि साक्या, श्रोत्यांना हसवत हसवत गंभीर करण्याचे कसब यांपैकी जवळजवळ काहीही उरले नाही. एकाच माणसाचा मुद्रांकित अर्धा भाग वाचला आणि दुसरा गेला. जो अर्धा गेला त्यानेच त्याला जिवंतपणी लोकप्रिय केले होते.

याचे कारण विस्मृती एवढेच नाही. कर्नाटक संगीताचा विसाव्या शतकातील इतिहास रचनाकारांच्या चरित्रांभोवती उभारला गेला. नाव, मुद्रा, कृतिसंख्या, गुरुपरंपरा ही त्याची परिमाणे होती. पी. सांबमूर्ती (१९०१–१९७३) आणि व्ही. राघवन (१९०८–१९७९) यांच्यासारख्या मद्रासच्या संशोधकांनी मराठी कीर्तनाचे ऋण नोंदवून ठेवले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. राघवन यांना तर तंजावूरच्या मराठी राजांच्या वाङ्मयाचे प्रेम होते. पण त्या चौकटीत कीर्तनकाराचे स्थान तळटीपेचेच राहते, कारण त्याची निर्मिती अनामिक आणि प्रयोगबद्ध असते. मराठी वाङ्मयेतिहासाची अडचण हीच, फक्त उलट्या बाजूने. तेथे ग्रंथ नाही म्हणून मोरगावकर नाहीत, येथे कृती नाही म्हणून कृष्ण भागवतर केवळ एक बिरुद होऊन राहिले आहेत.

चित्रपटाने यांतील काही गोष्टी वाचवल्या आणि काही बदलल्या. १९३५च्या ‘नंदनार’मध्ये के. बी. सुंदरांबाळ पुरुषवेषात नंदनार झाल्या, १९४२मध्ये जेमिनीच्या चित्रपटात दंडपाणी देसिकरांनी तीच भूमिका केली. मयिलापुरात पुढे स्थायिक झालेले गायक मुसिरी सुब्रह्मण्य अय्यर (१८९९–१९७५) १९३८ साली तमिळ ‘तुकाराम’मध्ये तुकाराम झाले. ही त्यांची एकमेव चित्रपटभूमिका. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ दोनच वर्षांपूर्वीचा असल्यामुळे त्याचे अनुकरण म्हणून या चित्रपटाकडे पाहण्याचा मोह होतो. परंतु मद्रासच्या प्रेक्षकाला तुकाराम नवा नव्हता, तो त्याला हरिकथेतून दोन पिढ्या ओळखत होता. अलीकडे कच्चेरीच्या शेवटी गायले जाणारे अभंग, ज्यांची आवड लावण्यात स्वामी हरिदास गिरींच्या (निधन १९९४) नामसंकीर्तनाचा मोठा वाटा आहे, हा निराळा ओघ. तेथे अभंग मराठी शब्दांसह येतो आणि ‘मराठी’ म्हणूनच टाळ्या घेतो. हरिकथेतील अभंग तमिळ शब्दांत येतो आणि त्याच्याकडे कोणी परका म्हणून पाहत नाही.

टी. एस. बालकृष्ण शास्त्रिगळ (१९१९–२००३) यांच्यासारख्या अखेरच्या थोरांच्या कथा ध्वनिफितींवर आहेत, म्हणून निदान एका पिढीच्या निवेदनाचा अभ्यास आता शक्य आहे. त्याआधीच्यांसाठी तमिळ लिपीतील कथांच्या वह्या आणि जुनी छापील पुस्तके हाच आधार. त्यांत प्रत्येक पद्याच्या माथ्यावर छंदाचे नाव असते, आणि तेथे शोधकाने सावध राहावे लागते. तमिळ लिपीत त आणि द, ट आणि ड, क आणि ग यांना निराळी अक्षरे नाहीत. त्यामुळे साकी कधी ‘सागी’ वाचली जाते, खड्गाचा ‘कट्का’ होतो, आणि ‘दिंडी’ ज्या अक्षरांत लिहिली जाते त्याच अक्षरांत तमिळमध्ये ‘खाणे’ या अर्थाचा शब्द लिहिला जातो. मराठी न जाणणाऱ्या सूचिकाराला कथेच्या मध्येच हे खाणे कोठून आले असा प्रश्न पडतो, आणि तमिळ न जाणणाऱ्या मराठी संशोधकाच्या हाती ती वही सहसा पडतच नाही.