शिकाऊ पोरगा नक्की कोणाचा?

भिवंडी म्हटलं की खडखडणारे यंत्रमाग आठवतात. पण ते चालवायला माणसं शिकतात कुठे? गेले काही शनिवार-रविवार मी याच प्रश्नाच्या मागे आहे. त्याचा हा गोषवारा.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. मालकाने पोरगा घ्यायचा, विद्यावेतन द्यायचं, काम शिकवायचं. हे जमणार मुंबईच्या गिरण्यांसारख्या मोठ्या कारखान्यांना. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि विणकाम आणखी वेगाने भिवंडीकडे सरकलं. काम सरकलं, कायदा मात्र मागेच राहिला!

कारण साधं आहे. एक कारागीर चार-सहा माग सांभाळतो. म्हणजे २४ मागांच्या शेडला पाळीत पाच-सहा जण पुरे. आणि २०१९ च्या नियमांतसुद्धा सक्ती ३० माणसांपासून पुढे.

मग शिकवतो कोण? गावाकडचा चुलता, नाहीतर मोठा भाऊ. पोरगा आधी कांड्या भरतो, मग तुटलेला धागा जोडायला शिकतो, मग कधीतरी बदलीवर माग हाती येतो. मजुरी विणलेल्या कापडावर, त्यामुळे शिकवण्यात गेलेला वेळ चुलत्याच्याच खिशातून! मालकाला तरी काय बोलणार? बरेचसे मालक स्वतःच व्यापाऱ्याचं सूत जॉबवर विणून देणारे.

तेजीत हे चालून जातं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली आणि रोख मजुरीचे वांधे झाले. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. मे महिन्यात भिवंडी रोडहून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. चुलते गेले, पुतणेही गेले. शाळाच गाडीत बसून गेली म्हणा ना.

त्याच वर्षी जर्मनीने छोट्या-मध्यम कंपन्यांना सांगितलं, शिकाऊ जागा कमी करू नका, नव्या करारामागे २००० युरो देतो. जागा वाढवल्या तर वाढीव करारामागे ३०००. आपल्याकडेही २०१६ पासून केंद्राची योजना होती: विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना जास्तीत जास्त १५०० रुपये. पण तो करार झालेल्या उमेदवारासाठी. कांड्या भरणाऱ्या पोराचा कसला आलाय करार?

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मंदीत पोरं निदान काही दिवस बेंचवर तरी बसतात, कारण नाव नोंदलेलं असतं. माझ्या मते इथेही सुरुवात नावापासूनच व्हावी. पाच-दहा शेडनी मिळून शिकाऊ नेमावेत, खर्चात व्यापाऱ्यानेही वाटा उचलावा. आणि हे माग चालू असतानाच करायला हवं. बंद पडल्यावर नाव लिहायला पोरगा असतो कुठे?