श्वानप्रशिक्षक प्रमाणन

कुत्र्यांना आणि त्यांच्या पालकांना शिकवणाऱ्या व्यावसायिकाचे ज्ञान व कौशल्य तपासून त्याला प्रमाणपत्र देण्याची पद्धत. बहुतेक देशांत ती ऐच्छिक आहे. अमेरिकेत किंवा भारतात हा व्यवसाय करायला सरकारी परवाना लागत नाही. ‘प्रमाणित प्रशिक्षक’ ही बिरुदावली कोणीही लावू शकतो, म्हणून प्रमाणपत्र कोणी आणि काय तपासून दिले हे पाहणे अगत्याचे ठरते.

ब्रिटिश पशुवैद्य इयान डनबार यांनी १९९३ मध्ये अमेरिकेत ‘असोसिएशन ऑफ पेट डॉग ट्रेनर्स’ ही संघटना स्थापन केली. तिच्याच पुढाकाराने २००१ मध्ये ‘सर्टिफिकेशन कौन्सिल फॉर प्रोफेशनल डॉग ट्रेनर्स’ ही स्वतंत्र परिषद उभी राहिली. ही परिषद अभ्यासक्रम चालवत नाही, केवळ परीक्षा घेते. शिकवणारा आणि तपासणारा वेगळा असावा, हे तिचे खरे महत्त्व. कॅरेन प्रायर अकॅडमीसारख्या संस्था स्वतः शिकवतात व स्वतःच प्रमाणपत्र देतात. त्यांचे शिक्षण दर्जेदार असले तरी ते प्रमाणपत्र त्या संस्थेच्या पद्धतीपुरते बोलते.

परिषदेची पायाभूत पदवी ‘सीपीडीटी-केए’. तिच्यासाठी मागील तीन वर्षांत किमान ३०० तासांचा अनुभव लागतो आणि त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष शिकवण्याचा असावा लागतो. परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न असतात: कुत्रे कसे शिकते, त्याची देहबोली, आरोग्य, साधने, आणि माणसांना शिकवण्याची हातोटी. हा शेवटचा विषय नवख्यांना अनपेक्षित वाटतो, पण प्रशिक्षक आठवड्यातून तासभरच येतो. उरलेला सगळा वेळ कुत्रे घरच्यांकडूनच शिकत असते. लेखी परीक्षेतून हाताचे कसब मात्र कळत नाही. बक्षीस क्षणभर उशिरा दिले तरी कुत्रे भलतीच कृती शिकते, आणि ही वेळ साधणे कागदावर तपासता येत नाही. त्यासाठी ‘सीपीडीटी-केएसए’ ही पुढची पायरी आहे. तिच्यात उमेदवाराने काम करतानाच्या चित्रफिती परीक्षकांपुढे ठेवायच्या असतात. दर तीन वर्षांनी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते.

वादाचा मुद्दा पद्धतीचा आहे. ‘लिमा’ हे तत्त्व सांगते की कुत्र्याला कमीत कमी त्रास देणारा उपाय आधी वापरावा. वरवर पाहता ते निर्दोष वाटते, पण शेवटचा उपाय म्हणून विजेचा धक्का देणाऱ्या पट्ट्याला त्यात वाट उरते, असा आक्षेप अनेक प्रशिक्षकांनी घेतला. तो रास्त आहे. अमेरिकेतील प्राणिवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात सर्व कुत्र्यांसाठी, आक्रमक कुत्र्यांसाठीही, बक्षिसावर आधारित पद्धतीच वापराव्यात अशी शिफारस केली. वेल्समध्ये असे पट्टे २०१० पासून बेकायदा आहेत.

कायद्याने बंधन घालणाऱ्या देशांत जर्मनी ठळक आहे. प्राणिसंरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमानुसार १ ऑगस्ट २०१४ पासून शुल्क घेऊन कुत्र्यांना शिकवणाऱ्याला परवानगी घ्यावी लागते. स्थानिक पशुवैद्यकीय कार्यालय त्याआधी त्याचे ज्ञान तपासते. तपासणी जिल्ह्यागणिक बदलते, ही या व्यवस्थेची उणीव.

भारतात ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तिथले प्रशिक्षण सुरक्षा दले व पोलिसांच्या श्वानपथकांसाठी असते. घरगुती कुत्र्यांच्या प्रशिक्षकांना असे अधिकृत केंद्र नाही. ज्यांना प्रमाणपत्र हवे, ते परदेशी संस्थांकडे वळतात. २०१७ च्या नियमांनी श्वानपैदास करणाऱ्यांवर आणि २०१८ च्या नियमांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानांवर नोंदणी बंधनकारक केली, पण प्रशिक्षक या दोन्हींच्या कक्षेबाहेर राहिले. शिकवण्याच्या नावाखाली कुत्र्याला मारहाण झाली, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील कलम ११ चा आधार घेता येतो. प्रशिक्षकाची पात्रता आधीच तपासण्याची तरतूद त्या कायद्यात नाही.