कर्करोगाच्या औषधानं राखलेली नजर

समोरच्या माणसाचे कान दिसतात, खांदे दिसतात. चेहऱ्याच्या जागी मात्र धूसर डाग. खिडकीचे सरळ गज वाकडे भासतात. घरचे म्हणतात, ‘मोतीबिंदू असेल’, नाहीतर ‘आता वय झालं!’

पण हे दुखणं वेगळं आहे. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध पीतबिंदू, म्हणजे मॅक्युला असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं, सगळं त्याच्या भरवशावर. उतारवयात तो झिजतो. आनुवंशिकता आणि धूम्रपान या झिजेला हातभार लावतात. सावकाश झीज होते तो ‘कोरडा’ प्रकार. पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या उगवून पाझरू लागल्या, की तो ‘ओला’. ओला प्रकार नजर झपाट्यानं नेतो.

पूर्वी या वाहिन्या लेसरनं जाळत. पण त्यात पडदाही भाजे. खरी वाट सापडली ती कर्करोगाच्या संशोधनातून. कर्करोगाची गाठ नव्या रक्तवाहिन्यांच्या जोरावर वाढते, त्या रोखल्या तर तिची वाढ थांबेल, असा विचार अमेरिकी शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहिन्या वाढवणारं ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन वेगळं केलं. पुढे ओल्या प्रकारातही तेच प्रथिन दोषी ठरलं.

त्याला अटकाव करणारं ‘अवास्टिन’ अमेरिकेत २००४ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. त्याच कंपनीचं डोळ्यांसाठीचं ‘ल्युसेंटिस’ अजून चाचण्यांत होतं. रुग्णांची नजर तोवर थांबणार नव्हती. २००५ मध्ये मायामीचे डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी अवास्टिनचा थेंबभर डोस थेट डोळ्यात टोचला. पडद्याची सूज ओसरली!

२००६ साली ल्युसेंटिस आलं. एका डोसला सुमारे २ हजार डॉलर; अवास्टिनला सुमारे ५०. मग स्वस्त औषध तितकंच गुणकारी आहे का? ही तुलना अखेर अमेरिकी सरकारच्या पैशानं झाली. २०११ मध्ये निकाल लागला: वर्षअखेरीस दोन्ही औषधांनी नजर सारखीच राखली होती. गरीब रुग्णाच्या दृष्टीनं हा निकाल फार मोलाचा.

कोरड्या प्रकाराच्या शेवटच्या टप्प्यासाठी अमेरिकेत २०२३ साली दोन औषधं मंजूर झाली. ती झीज मंदावतात, गेलेली नजर मात्र परत आणत नाहीत. ओल्या प्रकारातही इंजेक्शन वेळेवर आणि पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. म्हणून अधूनमधून एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी पाहा. रेघ वाकडी दिसली, तर वयाला बोल लावत बसू नका. लगेच नेत्रतज्ज्ञांना गाठा.