टिकाऊ म्हणजे काय? कोकणातल्या मंडपीचा धडा

‘पर्यावरणपूरक सजावट’ हा शब्द नवा, रीत जुनीच. गुहागरसारख्या नारळी-पोफळीच्या गावात, एकूणच कोकणात, गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात. आपण तिला मंडपी म्हणतो. सिंधुदुर्गात ती माटवी, गोव्यात माटोळी. चौकट तीच, दरवर्षी माळ्यावरून उतरते. तिला बांधायचं ते मात्र ताजं: आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, कळलावीची फुलं. पुष्कळ घरांत गौरही तेरड्याचीच. सण संपला की चौकट माळ्यावर, पाला मातीत.

यात एक विचार आहे, बरं का. काय टिकावं आणि काय कुजावं, याची इथे नीट वाटणी आहे. थर्माकोलच्या मखरानं ती उलटी केली: वापर पाच दिवसांचा, कचरा कायमचा. २०१८ साली महाराष्ट्र सरकारनं थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली. प्लास्टिकची फुलं बाजारात आहेतच. तीही पुन्हा वापरता येतात, मग बिघडलं कुठे? आम्ही म्हणतो, ओळखीत. कवंडळाचा वेल कुठे सापडतो, हे कळायला मुलांना रानात न्यावं लागतं. चौकट माळ्यावर आपोआप टिकते. ही ओळख दरवर्षी नव्यानं करावी लागते. ती तुटली, तर मंडपी म्हणजे नुसत्या चार पट्ट्या.