प्लास्टिक पाइपची पन्नास वर्षे : हमीमागील शास्त्र

भिंतीत वा जमिनीखाली एकदा गाडलेली जलवाहिनी पुन्हा दृष्टीस पडते ती बहुधा गळती लागल्यावरच. म्हणूनच पाइपची निवड करताना पन्नास वर्षांचा विचार करावा लागतो. परंतु नव्या प्लास्टिकची परीक्षा घेण्यासाठी पन्नास वर्षे थांबणे शक्य नसते. मग ‘पन्नास वर्षे’ हा आकडा येतो कोठून?

धातू आणि प्लास्टिक यांच्या स्वभावात मूलभूत फरक आहे. प्लास्टिकवर सतत ताण राहिला, तर तो ताण कमी असला तरी ते हळूहळू ताणले जाते आणि त्याची ताकद काळानुसार घटते. तापमान वाढले की ही प्रक्रिया वेग घेते. चाचणीची पद्धत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. पाइपचे तुकडे पाण्याने भरून निरनिराळ्या दाबांखाली गरम पाण्याच्या टाक्यांत ठेवतात आणि प्रत्येक तुकडा किती तासांनी फुटतो याची नोंद करतात. पॉलिथिलीन पाइपवरील अशा चाचण्या जर्मनीत १९५० च्या दशकात सुरू झाल्या.

आज ‘आयएसओ ९०८०’ या मानकानुसार किमान दोन तापमानांना, प्रत्येकी किमान ३० नोंदी घेतल्या जातात आणि काही चाचण्या ९००० तासांपलीकडे, म्हणजे वर्षभराहून अधिक काळ चालवाव्या लागतात. या नोंदींवरून २० अंश सेल्सिअसला पन्नास वर्षांनंतर उरणारी ताकद गणिताने काढतात. ‘पीई १००’ या नावाचा उगम येथेच आहे. या पॉलिथिलीनची अशी किमान ताकद १० मेगापास्कल, म्हणजेच १०० बार असते. तिला किमान १.२५ या सुरक्षा गुणांकाने भागून ८ मेगापास्कल इतकाच ताण वापरासाठी मान्य केला जातो.

पन्नास वर्षे ही पाइपच्या आयुष्याची अखेर नव्हे. ती त्याची ताकद मोजण्यासाठी ठरविलेली मुदत होय. शिवाय ही मुदत २० अंशांची आहे. सततचे तापमान ४० अंश असेल, तर पीई १०० पाइपचा मान्य दाब ०.७४ पट धरावा लागतो. म्हणजे १० बारचा पाइप तेथे ७.४ बारचाच ठरतो. विदर्भातील उन्हाळ्यात गच्चीवर उघड्या पडलेल्या पाइपचा विचार करताना हा हिशेब विसरून चालत नाही.

मात्र केवळ दाब सोसणे पुरेसे नसते. अमेरिकेत १९७८ ते १९९५ या काळात लाखो घरांत पॉलिब्युटिलीनचे पाइप बसविले गेले. पाण्यातील क्लोरिनमुळे हे पाइप आणि त्यांचे काही जोड आतून ठिसूळ होऊन फुटू लागले. १९९५ मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीत उत्पादकांनी सुमारे ९५ कोटी डॉलरची तरतूद केली. आता पेक्स पाइपसाठी गरम क्लोरिनयुक्त पाण्यातील चाचणी (एएसटीएम एफ २०२३) उपलब्ध आहे.

दुसरा शत्रू म्हणजे संथपणे वाढणारी चीर. खडकाचा टोकदार कोपरा रुतला वा पाइप ओढताना ओरखडा पडला, तर तेथून चीर वर्षानुवर्षे आत सरकते. त्यासाठी पाइपच्या भिंतीवर जाडीच्या एकपंचमांश खोलीची खाच पाडून तो ८० अंशांच्या पाण्यात दाबाखाली ठेवतात. पीई १०० ने किमान ५०० तास तग धरावा अशी अपेक्षा असते. उन्हापासून संरक्षणासाठी काळ्या पाइपात दोन ते तीन टक्के काजळी मिसळतात. ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य पुरेसे आहे की नाही, हे २०० अंशांवरील चाचणीत कळते. तेथे नमुन्याने किमान २० मिनिटे टिकावे लागते.

निवडीचे सूत्र यातूनच निघते. थंड पाण्यासाठी यूपीव्हीसी (आयएस ४९८५) वा एचडीपीई (आयएस ४९८४) योग्य. गीझर वा सौरबंबाच्या गरम पाण्याला मात्र साधा यूपीव्हीसी चालत नाही. तेथे सीपीव्हीसी (आयएस १५७७८) वापरावा. पाइपवर छापलेले मानक, दाबवर्ग आणि बॅच क्रमांक भिंत बुजविण्यापूर्वी तपासून टिपून ठेवावेत. प्रयोगशाळेतील आकडा खरा ठरतो तो पाइप त्याच अटींवर वापरला गेला तरच.